मशीन नंतर, आधी धक्का

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेटावर अडीचशे घरं, मोसमात दिवसाला हजारभर पर्यटक, आणि बचत गटाच्या १२ जणी काम करायला तयार. एक कंपनी तिच्या सामाजिक निधीतून प्लास्टिकचा भुगा करणारं मशीन आणि त्या भुग्याचे फरसबंदीचे ठोकळे पाडायचा साचा देऊ करते आहे. घ्यावं का? दुसरं म्हणजे, किनारा सफाईला पहिल्या महिन्यात ८० माणसं आली आणि सहाव्या महिन्यात तुम्ही चौघीच उरलात. लोकांना परत कसं आणायचं?

मशीन घेऊ नका, निदान यंदा तरी नाही. आणि ती माणसं आळसानं गेली असं समजू नका. दुसऱ्यांनी टाकलेला कचरा दर रविवारी फुकट उचलायचा आणि पुढच्या भरतीला तेवढाच पुन्हा आलेला बघायचा, यात कुणीही दमेल. त्यांना सफाईला बोलावण्याऐवजी हिशेबाला बसवा. सगळा फरक तिथे पडतो.

मी २२ वर्षं प्लास्टिकच्या भंगारात आहे. सुरुवातीला एका धुलाईच्या कारखान्यात आलेला माल तपासायचं काम करत होते, पुढे खाडीकाठच्या आणि बेटांवरच्या गावांबरोबर फिरले. तुम्हाला देऊ करताहेत तसलं मशीन मी एका बेटावर गंजलेलं पाहिलंय. उद्घाटनाला ढोलताशे होते, फीत कापली, फोटो निघाले. तिसऱ्या महिन्यात पाती बोथट झाली, कारण किनाऱ्यावरच्या मालात वाळू होती. पाती धार लावायला पलीकडे न्यायची तर एक अख्खा दिवस, लाँचचं भाडं आणि धारवाल्याची मजुरी. चौथ्या महिन्यात मोटार जळली. पण खरी चूक त्याच्याही आधीची होती. बाटली अख्खी असते तोवर तिची जात ओळखता येते. भुगा झाला की कोण कुठला ते कळत नाही. घेणारा मूठभर भुगा हातात घेतो, दोन वेगळ्या रंगांचे तुकडे दिसले की भाव निम्मा करतो, नाहीतर माल परत पाठवतो. शिवाय वाऱ्यावर उडालेले बारीक तुकडे थेट पाण्यात जातात. म्हणजे समुद्रात जाऊ नये म्हणून गोळा केलेलं प्लास्टिक आपणच किसून समुद्रात टाकायचं!

ठोकळ्यांचं तर नावच नको. पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, वितळायला २५० अंशांच्या वर तापमान लागतं, दुधाच्या पिशवीला त्याच्या निम्म्याहून कमी. दोन्ही एका कढईत घातली तर एक करपतं आणि दुसरं कच्चं राहतं. त्यात पीव्हीसीचा एखादा पाइप किंवा चपलेचा तळवा गेला तर आम्लाची वाफ निघते. ती वाफ तुमच्या बायकांनी का हुंगायची?

आता हिशेब. तुमच्या बेटाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी तो घारापुरीवर मांडते; ते आपल्या सगळ्यांच्या पाहण्यातलं आहे. गेटवेपासून तासाभराची लाँच, उरण तालुका, शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं. लेणी १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेली, पण समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली ती २०१८ साली. जगभरातून माणसं येत होती आणि गावात रात्री अंधार होता, ही आपल्या बेटांची तऱ्हा. सोमवारी लेणी बंद, म्हणजे कामाचे दिवस महिन्याला साधारण २६.

समजा दिवसाला हजार माणसं उतरली आणि त्यातल्या निम्म्यांनी एकेक बाटली बेटावर सोडली. लिटरभराची बाटली अंदाजे २० ग्रॅमची. म्हणजे ५०० बाटल्यांचे १० किलो. महिन्याचे २६० किलो. ऐकायला बरं वाटतं. पण चेपल्याशिवाय भरलेल्या बाटल्या एका घनमीटरमध्ये जेमतेम २५ किलो मावतात. म्हणजे तुमचे २६० किलो दहा घनमीटर जागा खाणार. अख्खा मचवा भरला तरी त्यात दहातल्या नऊ भागांहून जास्त हवा. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, भाडं हवेचंही घेतो. हाच माल साध्या हाताच्या दाबयंत्रात, जॅकवर चालणाऱ्या, दाबला तर घनमीटरमध्ये १५० ते २०० किलो बसतात आणि महिन्याचा माल दीड-दोन घनमीटरमध्ये येतो, लाँचच्या एका कोपऱ्यात. त्या कंपनीला सांगा, मशीन द्यायचंच असेल तर गासडी बांधायचं दाबयंत्र द्या. त्याला वीज नको, पाती नकोत, आणि बिघडलं तर गावातला होडीचं इंजिन खोलणारा पोरगा ते दुरुस्त करेल.

पुढचं ऐकून नाराज होऊ नका. त्या २६० किलोंना, समजा किलोमागे २५ रुपये मिळाले, तर महिन्याचे ६,५०० रुपये होतात. १२ जणींत वाटले तर प्रत्येकीला ५४० रुपये. भाव वर-खाली होतो तो वेगळाच. कच्चं तेल उतरलं की नव्या प्लास्टिकचा दाणा स्वस्त होतो आणि भंगार कुणी विचारत नाही. 'कचऱ्यातून सोनं' असं भाषण कुणी ठोकायला लागलं की मी त्याच्यापुढे हा कागद ठेवते. भंगार विकून बेटावरच्या बाईचं घर चालत नाही. ते चालतं कचरा उचलण्याच्या, मोजण्याच्या, पलीकडे पोचवण्याच्या कामाचा मोबदला मिळाला तर. केरळात हरित कर्म सेनेच्या बायका घरोघरी सुका कचरा गोळा करतात तेव्हा घरटी दरमहा शुल्क घेतात. भंगाराचे पैसे वरचे. त्यांचं गाडं चालतंय ते त्या शुल्कावर.

तुमच्याकडे शुल्क कुणाकडून घ्यायचं? इथे बेटाची खरी ताकद कळते. शहराला शंभर वाटा असतात, बेटाला दार एकच: धक्का. आत येणारी प्रत्येक बाटली त्या फळीवरून येते आणि बाहेर जाणारं प्रत्येक माणूस त्याच फळीवरून परततं. अनामत घ्यायला याहून सोयीची जागा देशात नाही. उतरताना पर्यटकाच्या हातातल्या बाटलीवर गटाचा स्टिकर लावायचा आणि १० रुपये घ्यायचे. परतताना रिकामी बाटली दिली की १० रुपये परत. बेटावरच्या दुकानांनी विकलेल्या बाटलीवरही तोच स्टिकर आणि तीच अनामत. हे काही स्वप्नरंजन नाही. निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानातल्या काचेच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेतात आणि बाटली आणून दिली की परत करतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या दट्ट्यानं ते सुरू झालं. त्याच वर्षी केदारनाथच्या वाटेवर प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी १० रुपयांची अनामत सुरू झाली. गोव्यानंही २०२४ साली अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली. आपल्याकडे २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या वेळी बाटल्या परत विकत घेण्याची तरतूद केली होती, ती रुजली नाही. कारण उघड आहे: मुंबईसारख्या शहरात कुठली बाटली कुठून आली हे कोण बघणार? बेटावर बघता येतं.

पैशांचं गणित बघा. दिवसाच्या ५०० बाटल्यांपैकी ४०० परत आल्या आणि १०० जणांनी कंटाळा केला, तर १,००० रुपये मागे उरतात. महिन्याचे २६,००० रुपये, म्हणजे भंगाराच्या चौपट. आणि त्या १०० बाटल्याही कुठे तरी पडलेल्या सापडतातच. त्या गावातल्या पोरांनी आणल्या तर १० रुपये त्यांना द्यायचे की नाही, यावर तुमच्या गटात भांडण होईल. माझं मत: द्या, पण पाच. दहा दिलेत तर पोरं पर्यटकाच्या हातातली बाटली संपायची वाट बघत मागे फिरतील. घारापुरीच्या पायऱ्यांवरच्या माकडांना तेवढीही वाट बघवत नाही. बाटली सरळ हिसकावतात, झाकण चावून उघडतात आणि पिऊन फेकून देतात. अशा बाटलीची अनामत कुणाची, हा प्रश्न ग्रामसभेत खरोखर निघेल. हसू नका, आधीच ठरवून ठेवा.

अनामत घ्यायचा अधिकार मात्र बचत गटाला आपला आपण मिळत नाही. ग्रामसभेचा ठराव हवा, ग्रामपंचायतीची पावती हवी, आणि काम गटाला दिल्याचा करार हवा. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ही जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकलेली आहे, तेव्हा सरपंचांना तुम्ही नवीन काही मागत नाही आहात. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उचलताय. घारापुरीची ग्रामपंचायत पर्यटकांकडून कर घेते. तुमचीही घेत असेल तर त्या खिडकीशेजारीच अनामतीचं टेबल लावा. फक्त हद्दी नीट समजून घ्या. धक्का बहुधा सागरी मंडळाचा, स्मारक असलं तर तो आवार पुरातत्त्व खात्याचा, कांदळवन वन विभागाचं आणि उरलेलं गावाचं. परवानगीचं पत्र चौघांना पाठवा, उत्तर एकाचंच येईल, पण पोच चारही सांभाळून ठेवा.

माणसांकडे येते. लोकसहभाग म्हटलं की आपण सगळे झाडू हातात दिलेला फोटो डोळ्यांपुढे आणतो. माझ्या अनुभवात सहभाग टिकतो तो वजनकाट्याशी. एका गावात आमचं सगळं नीट चाललं होतं आणि दोन महिन्यांत निम्म्या बाया यायच्या थांबल्या. कारण कुणी सांगेना. शेवटी एक म्हातारी कोळीण म्हणाली, "काटा तुमच्या खोलीत, वही तुमच्या खोलीत, आणि पैसे महिन्यानं. आम्ही मासळी अशी विकत नाय." तिचं बरोबर होतं. धक्क्यावर पाटी उतरली की भाव लागतो आणि पैसे कमरेला लागतात. त्या बायकांना महिनाअखेरीचा पगार हा प्रकारच संशयास्पद. आम्ही काटा उचलून धक्क्यावरच्या पिंपळाखाली ठेवला, वैधमापनवाल्यांचा शिक्का मारून घेतला, भाव फळ्यावर लिहिला आणि पैसे दर शनिवारी सगळ्यांसमोर द्यायला लागलो. लिहिता न येणाऱ्यांसाठी किलोला एक रेघ, पाचवी आडवी. तीन आठवड्यांत सगळ्या परत आल्या. कुणाचंही प्रबोधन करावं लागलं नाही.

टपऱ्यावाल्यांना पहिल्या बैठकीपासून घ्या. त्यांना वाटतं अनामतीमुळे बाटली महाग झाली तर गिऱ्हाईक तुटेल. ही भीती खोटी नाही, आणि ती भाषणानं जात नाही. त्यांना परताव्याची जागा करा: बाटली टपरीवर परत केली तरी १० रुपये मिळतात, आणि दर परत बाटलीमागे टपरीला एक रुपया. परत करायला आलेला माणूस काकडी किंवा ताक घेऊन जातो, हे त्यांना आठवड्याभरात कळेल.

खलाशांना विसरू नका. बेटावर येणारा माल — सिमेंट, गॅस सिलिंडर, रेशन, थंड पेयांचे क्रेट — भरलेल्या बोटीतून येतो आणि ती बोट रिकामी परत जाते. तुमचं पुनर्चक्रीकरण त्या रिकाम्या फेरीवर उभं आहे. वेगळी बोट भाड्यानं घेतलीत की धंदा बसला. गासडीमागे ठरावीक रक्कम तांडेलाच्या हातात ठेवा, मालकाच्या नाही, कारण गासड्या चढवायच्या की 'आज वेळ नाही' म्हणायचं हे तांडेल ठरवतो. आणि भरणी भरतीच्या वेळेला ठेवा. ओहोटीला धक्का आणि बोट यांत इतकी उंची पडते की गासडी उतरवताना कुणाची तरी कंबर जाते.

पलीकडचा भंगारवालाही तुमचा माणूस आहे. थेट मोठ्या कारखान्याला विकून मधला दलाल काढायचा, हा विचार सगळ्यांना सुचतो. कारखान्याला ट्रकभर माल एकदम हवा असतो. तुमचा महिन्याचा माल टेम्पोभरही नाही. भंगारवाला तो साठवतो, पैसे लगेच देतो, कटती, म्हणजे घाणीपोटी वजनातली कपात, मात्र जास्त लावतो. कटती कमी करायचा मार्ग एकच, माल स्वच्छ आणि एकजातीचा देणं. पहिल्या तीन खेपा चोख गेल्या की तो गासडी फोडून बघायचं बंद करतो. चौथ्या खेपेत एक जरी तेलकट डबा निघाला तर पुन्हा पहिलीपासून.

वर्गवारी चारच पोत्यांची ठेवा. पाण्याच्या आणि थंड पेयांच्या पेट बाटल्या एकात. कडक माल, म्हणजे डबे, बादल्या, शांपूच्या बाटल्या, झाकणं, दुसऱ्यात. दुधाच्या पिशव्या आणि स्वच्छ पन्नी तिसऱ्यात. चिप्स-गुटख्याची चकचकीत पाकिटं आणि बाकी सगळं चौथ्यात. सात प्रकार शिकवायला गेलात तर एकही पाळला जाणार नाही. शंका आली तर बादलीभर गोडं पाणी घ्या आणि तुकडा बुडवून बघा: पेट आणि पीव्हीसी बुडतात, दुधाची पिशवी, डबे आणि झाकणं तरंगतात. समुद्राचं पाणी जड असतं, तरी निकाल तोच येतो. पण पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात, आणि तिथेच घात होतो. पीव्हीसीचे थोडे तुकडे पेटच्या भट्टीत गेले तरी सगळा दाणा पिवळा पडतो आणि काळे ठिपके येतात. कारखान्यात असताना असे लॉट मी स्वतः परत पाठवलेत. म्हणून पाइप, वायरचं आवरण, पावसाळी चपला पेटच्या पोत्याजवळही ठेवू नका. झाकण काढून बाटली पायाखाली चेपायची म्हणजे हवा निघते; झाकणं कडक मालात, त्यांना वेगळा भाव येतो.

चौथं पोतं विकलं जात नाही, हे गटाला पहिल्याच दिवशी सांगा. ते तालुक्याला पाठवायचं. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाखांपर्यंतची तरतूद ठेवली होती. तुमच्या तालुक्यात ते केंद्र नुसतं कागदावर आहे की चालू, हे गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा. असला माल शेवटी सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातो. याला मी पुनर्चक्रीकरण म्हणत नाही, पण गावात जाळण्यापेक्षा किंवा खड्ड्यात पुरण्यापेक्षा बरं. पुरत गेलं की काय होतं ते मालदीवमध्ये दिसतं: मालेशेजारची थिलाफुशी ही १९९२ पासून कचऱ्यानं उथळ खाजण भरत भरत तयार झालेली जमीन आहे.

आता समुद्रातून येणारं. तुमचा खरा राग त्यावर आहे, मला माहीत आहे. उधाणाच्या भरतीला शहराचा अख्खा नाला तुमच्या कांदळवनात येऊन अडकतो. हा माल गावाच्या मालात कधीही मिसळू नका. उन्हानं तो ठिसूळ झालेला असतो, त्याला वाळू, शेवाळ, डांबर लागलेलं असतं. चांगल्या गासडीत गेला तर सगळी गासडी बाद. तो वेगळा उचला, वेगळा तोला आणि वेगळ्या वहीत लिहा. बेटानं महिन्याला शहराचा किती किलो कचरा उचलला, हा आकडा १२ महिने सलग तुमच्या वहीत असला की जिल्हा परिषदेत तुम्ही मागायला गेलेल्या नसता, वसुलीला गेलेल्या असता. कांदळवनात पन्नास माणसांची फौज मात्र नेऊ नका. चिखलातून वर आलेली श्वासमुळं तुडवली जातात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीचा जोर कमी असतो तेव्हा, ओहोटीला सहाजणी, अनवाणी, आकडीची काठी घेऊन, एवढं पुरतं.

डोलीच्या जाळ्यात बोंबलांबरोबर प्लास्टिक येतंच. ते पुन्हा पाण्यात न टाकता पोत्यात भरून धक्क्यावर आणायचं, एवढंच होडीवाल्यांना सांगा आणि पोतं तुम्ही द्या. केरळात कोल्लमजवळ २०१७ साली हेच सुरू झालं: मच्छीमार जाळ्यातलं प्लास्टिक बंदरावर आणत, बायका ते धुऊन निवडत आणि त्याचा भुगा रस्त्याच्या डांबरात जाई. फाटकी जाळी निराळी ठेवा. नायलॉनच्या जाळ्याला चांगला भाव असतो, पण ते पाण्यात बुडतं आणि हिरवं एचडीचं, म्हणजे डबे-बादल्यांच्या जातीच्या प्लास्टिकचं, जाळं तरंगतं. दोन्ही एकत्र बांधलीत तर भाव खालच्याचा मिळतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. पर्यटक बाटली का आणतो? कारण बेटावरच्या पाण्यावर त्याचा भरवसा नाही. लक्षद्वीपच्या कवरत्तीवर २००५ साली समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला १ लाख लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. तुम्हाला एवढा डोलारा नको. धक्क्यावर गाळलेल्या थंड पाण्याचा नळ, पाच रुपयांत बाटली भरून, आणि दर महिन्याचा तपासणीचा कागद काचेत लावलेला. गावालाच पाण्याची टंचाई असेल तर हे आधी गावाला विचारा. उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन उभ्या असताना पर्यटकांसाठी नळ वाहत राहिला तर तुमची सगळी योजना त्या नळावर फुटेल.

सुरुवात पावसाळ्यात करू नका. लाँच बेभरवशाच्या, पर्यटक कमी, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. हे दोन महिने ठराव, करार, स्टिकर छापणं आणि काट्याचा शिक्का यांत घाला. नारळी पौर्णिमेनंतर होड्यांची पोती, दिवाळीच्या गर्दीत अनामत. आणि पावसाआधी उरलेला सगळा माल पलीकडे गेलाच पाहिजे. न चेपलेल्या बाटल्यांत पाणी साचलं की डेंग्यूचे डास तिथेच वाढतात, आणि मग गाव दोष तुमच्या शेडलाच देणार.

दाबयंत्र निवडताना कंपनीवाले मोठं दाखवतील, ८० किलोची गासडी पाडणारं. नको म्हणा. पेटी ५०-५५ सेंटिमीटरची घ्या, गासडी २५ किलोच्या आसपास होईल, महिन्याला दहा. दोघी जणी ती दोन बाजूंनी धरून धक्क्याच्या पायऱ्या उतरू शकतात, आणि बोटीची फळी हलली तरी हातातून सुटत नाही.